पुण्यश्लोक अहिल्याबाई आणि महेश्वरचे माग

अंबडला मत्स्योदरी देवीच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांना तेथील खंडोबाचे मंदिरही परिचयाचे असते. ते पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांनी बांधविले, असे या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. काशीचे विश्वनाथ मंदिर त्यांनी १७८० साली नव्याने उभे केले, १७८३ साली सोमनाथाची पुनःस्थापना केली. वेरूळच्या घृष्णेश्वराच्या जीर्णोद्धाराशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. या थोर साध्वीने देवळांच्या बरोबरीने विणकरांचे मागही उभे केले, ही हकिगत मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी जामखेड तालुक्यातील चौंडी या गावी झाला. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. १७३३ साली मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेरावांना वीरमरण आले. त्या सती जाण्यास निघाल्या होत्या, पण मल्हाररावांनी त्यांना परावृत्त केले व राज्यकारभाराचे शिक्षण दिले. १७६६ साली सासरे गेले, पाठोपाठ १७६७ साली एकुलता एक पुत्र मालेरावही गेला. ज्यांच्या आधाराने जगावे, ती सर्व माणसे गेली. अशा वेळी सुताराच्या कर्वतीसारखे दुःख काळजात घेऊन या माउलीने प्रजेचा संसार हाती घेतला.

सैन्याची धुरा त्यांनी तुकोजीराव होळकरांकडे सोपविली आणि नर्मदाकाठचे महेश्वर हे राजधानीचे ठिकाण केले. घाट झाले, मंदिरे झाली, वाडा झाला. पण नुसत्या दगडांनी गाव नांदत नाही, माणसाच्या हाताला काम लागते. म्हणून त्यांनी सुरत, बऱ्हाणपूर आदी ठिकाणांहून कुशल विणकर बोलावून महेश्वरी वसविले. दरबारी येणाऱ्या पाहुण्यांना व आप्तेष्टांना भेट देण्यासाठी त्यांच्याकडून लुगडी व पागोट्यांचे कापड विणून घेतले जाई. राजघराणेच गिऱ्हाईक झाल्याने विणकरांची चूल पेटती राहिली.

महेश्वरी लुगडे मुळात तलम सुताचे. उभ्या ताण्यात रेशीम घालण्याची रीत पुढे आली. सूत रंगवायचे, ताणा लावायचा, एकेक धागा फणीतून ओवायचा, मग पायांनी पावडी दाबीत हातांनी धोटा फेकायचा. या कामात सारे घर गुंतलेले असते. बायका कांड्या भरतात, माणसे मागावर बसतात. किल्ल्याच्या भिंतींवर व मंदिरांवर कोरलेली नक्षी विणकरांनी काठात उतरविली. विटांची रचना, चटाईची वीण, चमेलीचे फूल आणि नर्मदेची लाट हे त्यांतले प्रसिद्ध नमुने. पदरावर तीन रंगीत व दोन पांढरे असे पाच पट्टे असतात. काठ असा विणतात की लुगडे दोन्ही बाजूंनी नेसता येते. अशा रीतीने देवळाच्या भिंतीवरचे कोरीव काम गोरगरीब विणकराच्या भाकरीचे साधन झाले.

अहिल्याबाई स्वतः अत्यंत साधेपणाने राहत. देशभरच्या देवळांचा व धर्मशाळांचा खर्च त्यांनी दौलतीच्या खजिन्यावर न टाकता आपल्या खासगीतून केला. १७९१ साली कन्या मुक्ताबाई पतीमागे सती गेली. तो घावही त्यांनी सोसला. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरी त्यांचे देहावसान झाले.

पुढे १८१८ नंतर होळकरांची राजधानी इंदूर झाली. दरबाराचा आश्रय सुटला, गिरण्यांचे स्वस्त कापड बाजारात आले आणि महेश्वरचे माग एकेक करून थंडावले. मंदिरे व घाट जागेवर राहिले, पण विणकरांची मुले दुसऱ्या कामाच्या शोधात गाव सोडू लागली. देऊळ पडले तर सर्वांना दिसते, कारागिराच्या हातातली विद्या गेली तर कोणाच्या ध्यानीही येत नाही. १९७८-७९ च्या सुमारास होळकर घराण्यातील रिचर्ड व सॅली होळकर यांनी तेथे रेहवा ही संस्था काढून स्त्रियांना माग शिकविले. हळूहळू गावात पुन्हा धोटे खटखटू लागले. हाही एक जीर्णोद्धारच म्हणावा लागेल.

जालना जिल्हा कापसाचा. शेजारचे पैठण पैठणीचे. धाग्याचे मोल येथील माणसाला निराळे सांगावयास नको. देवाला वाहिलेला पैसा गवंड्याच्या, सुताराच्या, विणकराच्या घरी पोचतो, तेव्हा त्या दानाचे पुण्य दुणावते, हे अहिल्याबाईंनी आपल्या आचरणाने दाखवून दिले. देवकार्यास हातभार लावणाऱ्या प्रत्येकाने ही शिकवण मनी धरावी. त्या पुण्यश्लोक मातेस शतशः प्रणाम!