डिग्री नसलेला इंजिनीअर : फ्रँक हॉर्नबी

लहानपणी भोकं पाडलेल्या पट्ट्या आणि नट-बोल्ट जोडून क्रेन बनवण्याचा उद्योग आपल्यापैकी बऱ्याच जणांनी केलाय. पण हा मेकॅनो शोधला कुणी, असं विचारलं तर व्हायव्हासारखी शांतता पसरते! त्या माणसाचं नाव फ्रँक हॉर्नबी.

जन्म १८६३ चा, इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. आधी वडिलांच्या दुकानात कॅशियर, मग मांस आयात करणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे हिशेबनीस. इंजिनीअरिंगशी संबंध शून्य. संध्याकाळी घरी आला की पत्रा कापून दोन मुलांसाठी पूल, क्रेन असली खेळणी करायचा. प्रत्येक खेळण्यासाठी नवे भाग कापायचे म्हणजे कटकट. मग डोक्यात आलं, सगळ्या पट्ट्यांना सारख्या अंतरावर भोकं पाडली तर? तेच भाग सोडवून दुसरं काहीही जोडता येईल! अंतर ठरलं अर्धा इंच. १९०१ साली पेटंट घेतलं, तेव्हा वय ३७ आणि खिशात पैसे नाहीत. मालकानेच ५ पौंड उसने दिले. १९०७ मध्ये 'मेकॅनो' हे नाव नोंदवलं आणि पुढच्या वर्षी कंपनी उभी राहिली.

पहिल्या महायुद्धाआधी खेळण्यातल्या आगगाड्यांच्या बाजारात जर्मनीची चलती होती. युद्धात तो माल बंद पडला. १९२० साली हॉर्नबीने स्वतःची किल्लीची गाडी बाजारात आणली, तीही नट-बोल्टने जोडलेली, म्हणजे सोडवून पुन्हा जोडता येणारी. १९२५ मध्ये विजेवर धावणारी आली. शिवाय १९३१ ते १९३५ हा हिशेबनीस चक्क खासदार होता! १९३४ मध्ये मँचेस्टरला हार्ट्री आणि पोर्टर यांनी डिफरन्शियल इक्वेशन्स सोडवणारं यंत्र बनवलं, तेही बहुतांशी मेकॅनोच्या भागांतून. एम-थ्रीने घाम फुटलेल्यांनी नोंद घ्यावी!

१९३६ मध्ये हॉर्नबी गेला. लिव्हरपूलचा बिन्स रोडवरचा त्याचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला. पण गाड्या काही थांबल्या नाहीत. ज्यांनी लहानपणी त्या चालवल्या किंवा नुसत्या दुकानाच्या काचेतून पाहिल्या, ते मोठेपणी स्वतःच्या कमाईतून त्या शोधू लागले. यातही शास्त्र आहे बरं का! पुन्हा रंगवलेल्या चकचकीत डब्यापेक्षा मूळ रंगाच्या, ओरखडे पडलेल्या डब्याला जास्त मान. मूळ खोकं असेल तर भाव आणखी वर. आणि खरा शत्रू गंज नव्हे. युद्धापूर्वीची काही चाकं जस्ताच्या मिश्रधातूची ओतलेली. त्यात शिशाचा थोडासा अंश राहिला, तर वर्षानुवर्षांनी ती फुगतात, तडकतात, हातात भुगा होऊन येतात. मटेरियल सायन्समधल्या 'इम्प्युरिटी'चा अर्थ असा हातात घेतल्यावर कळतो. मग नवी चाकं बसवायची. ते सहज जमतं, कारण गाडी सोडवता येईल अशीच बनवलेली असते.

हॉर्नबीचं खरं मोठेपण मला इथे दिसतं. कुठलीही वस्तू कधीतरी मोडणारच. पण पुढच्याला ती उघडता आली, दुरुस्त करता आली, तर ती शंभर वर्षं टिकते. आपण उद्या जे काही डिझाइन करू, ते पाच वर्षांत भंगारात जाणार की कुणाचा तरी नातू ते उघडून पाहणार, हे त्या अर्ध्या इंचासारख्या साध्या निर्णयावर ठरेल.