लाकडातले सोयरे : चित्रकार अवनींद्रनाथ ठाकूर

देवळाचा जुना लाकडी सभामंडप उतरविला तेव्हा सुस्थितीतील खांब व तुळया पुन्हा कामी आल्या. उरलेली किडकी टोके, गाठी व ढलप्या यांचे काय करावे, असा प्रश्न निघाला आणि बहुतेकांनी चुलीकडेच बोट दाखविले. त्या वेळी ज्यांची आठवण झाली, त्या थोर कलावंताचे अल्पचरित्र ग्रामस्थ व देणगीदार बंधुभगिनींसाठी येथे देत आहे. आपल्या देवळाशी त्यांचा काही संबंध नाही. टाकाऊ लाकडाशी मात्र फार मोठा आहे.

अवनींद्रनाथांचा जन्म ७ ऑगस्ट १८७१ रोजी, जन्माष्टमीच्या दिवशी, कलकत्त्यातील जोडासांको येथील प्रख्यात ठाकूर घराण्यात झाला. कविवर्य रवींद्रनाथ हे त्यांचे चुलत काका. वडील गुणेंद्रनाथ अवनींद्रनाथांच्या लहानपणीच वारले. गिलार्डी हे इटालियन आणि पामर हे इंग्रज, अशा दोन चित्रकारांकडे ते विलायती पद्धतीची चित्रकला शिकले. परंतु त्यात मन रमेना. पुढे कृष्णलीलेची चित्रे काढताना त्यांना आपल्या देशाचे वळण सापडले. १९०५ साली त्यांनी रंगविलेली भारतमाता सर्वांना ठाऊक आहे. भगव्या वस्त्रातील त्या चतुर्भुज मातेच्या हाती पोथी, धान्याच्या लोंब्या, शुभ्र वस्त्र व जपमाळ आहे, शस्त्र एकही नाही, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. त्याच वर्षी ते कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेचे उपप्राचार्य झाले. भारतीय संविधानाची मूळ प्रत चित्रांनी सजविणारे नंदलाल बोस हे त्यांचेच शिष्य.

एवढा मान मिळाला तरी दुःख चुकले नाही. प्लेगात त्यांची लहान मुलगी गेली. आपल्या इकडेही त्या साथीने किती घरे ओस पडली, हे जुन्या माणसांनी सांगितलेले आहेच. मुलीचा तो शोक त्यांनी शहाजहानच्या अंतकाळाच्या चित्रात ओतला.

१९३० साली अरबी कथांची चित्रमाला संपली आणि पुढे कित्येक वर्षे त्यांनी कुंचला जवळजवळ बाजूला ठेवला. लोकांना याचे नवल वाटले. पण हात स्वस्थ बसणारे नव्हते. उतारवयात त्यांना एक छंद जडला. वाळलेली फांदी, झाडाचे मूळ, बांबूचे पेर, फुटके फळकूट, जे सापडेल ते उचलायचे आणि फिरवून फिरवून न्याहाळायचे. कुठे पक्ष्याची मान दिसे, कुठे हरणाचा पाय, कुठे काठी टेकून उभा म्हातारा. मग किंचित तासायचे, एखादा तुकडा जोडायचा, की झाले. लाकडाला आपल्या मनाजोगे वळवण्याचा हट्ट त्यात नव्हता. सुतार आधी रेघ मारतो, मग पटाशी धरतो. हे गृहस्थ लाकडाने आधीच मारलेली रेघ शोधत बसत. माझ्या मते यात हातापेक्षा डोळ्याचे काम अधिक आहे, आणि म्हणूनच ज्याला पटाशी धरता येत नाही अशा माणसालाही हा छंद करून पाहता येईल.

या खेळण्यांना त्यांनी नाव दिले काटुम-कुटुम. बंगालीत कुटुम म्हणजे सोयरा, आपल्या कुटुंब शब्दाचाच भाऊ. काटुम हे त्याला जोडलेले यमक. ते ऐकताना काठ, म्हणजे लाकूड, आठवते. मुलांसाठी क्षीरेर पुतुल, राजकाहिनी अशी पुस्तके लिहिणाऱ्या माणसाला असे नाव सुचावे यात आश्चर्य नाही.

असो. खरे सोयरे मात्र एकेक करून दुरावत होते. थोरले बंधू गगनेंद्रनाथ, तेही नामांकित चित्रकार, अर्धांगाने आठ वर्षे अंथरुणाला खिळून १९३८ साली निवर्तले. ७ ऑगस्ट १९४१ रोजी रवींद्रनाथ गेले. तो दिवस अवनींद्रनाथांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा होता. त्याच वर्षी जोडासांकोचे ५ नंबरचे वडिलोपार्जित घरही सोडावे लागले. ज्या दक्षिणेकडच्या ओसरीवर तिघे भाऊ वर्षानुवर्षे बसत, ती ओसरी घराबरोबर पुढे पाडली गेली. जुन्या वास्तूचे लाकूड उतरताना पाहिलेल्या आपल्या गावाला ही गोष्ट निराळी समजावून सांगायला नको.

कुटुंबासह ते बरानगर येथील गुप्तनिवास या भाड्याच्या घरात राहू लागले. १९४२ साली विश्वभारतीच्या आचार्यपदाची जबाबदारी त्यांच्यावर आली, तीही त्यांनी सांभाळली. नव्या जागेतही काटक्या-मुळ्या वेचणे चालूच राहिले. नातवंडे भोवती असत, आणि लाकडी पक्षी, प्राणी, माणसे यांचा गोतावळा वाढत असे. ५ डिसेंबर १९५१ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, तेथेच त्यांचे देहावसान झाले.