नाडी बघायची की श्वास? या एका प्रश्नासाठी हैदराबादच्या डॉक्टरने लंडनशी पंगा घेतला होता

आज चंद्रपूर जिल्ह्यात असलेला राजुरा तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. याच संस्थानाच्या राजधानीत एका इंग्रज डॉक्टरने असा वाद पेटवला, की त्याची दखल थेट लंडनला घ्यावी लागली.

त्या डॉक्टरचं नाव एडवर्ड लॉरी. जन्म १८४६ चा. सर्जरीचे धडे त्यांनी एडिंबरात जेम्स साइम यांच्या हाताखाली गिरवले आणि १८८५ मध्ये ते हैदराबादला आले. रेसिडेन्सी सर्जन आणि मेडिकल स्कूलचे प्रमुख, अशा दोन्ही जबाबदाऱ्या त्यांच्याकडे होत्या.

तेव्हा ऑपरेशनसाठी भूल म्हणजे मुख्यतः क्लोरोफॉर्म. त्याचा वापर १८४७ मध्ये सुरू झाला आणि दुसऱ्याच वर्षी इंग्लंडमध्ये पायाचं नख काढताना हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी दगावली. असे मृत्यू पुढेही होत राहिले. लंडनचे डॉक्टर म्हणायचे, हृदय अचानक बंद पडतं, म्हणून नाडी बघा. साइम यांच्या शिष्यांचं म्हणणं, श्वास बघा.

लॉरींनी याचा निकाल लावायचं ठरवलं. १८८८ मध्ये १४१ कुत्र्यांवर प्रयोग झाले. आधी श्वास थांबतो, हृदय नंतर, असं त्यांनी जाहीर केलं. लंडनच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकाला ते पटलं नाही.

मग सहावे निजाम महबूब अली खान यांनी १,००० पौंड दिले आणि १८८९ मध्ये लॅन्सेटतर्फे लॉडर ब्रंटन हैदराबादला आले. कुत्रे, माकडं, शेळ्या, मांजरं, ससे, घोडे अशा चारशेहून जास्त जनावरांवर प्रयोग झाले. निष्कर्ष तोच निघाला. श्वास थांबताच कृत्रिम श्वास दिला, तर जनावर सावरतं हेही दिसलं.

लॉरींच्या विद्यार्थ्यांमध्ये होत्या रूपाबाई फर्दुनजी. त्यांना जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञ मानलं जातं.

पण लॉरी अर्धेच बरोबर होते. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवून दिलं, की भूल हलकी असताना क्लोरोफॉर्ममुळे हृदयाची लय बिघडून ते अचानक थांबू शकतं. लॉरींच्या प्रयोगांत बहुतेक जनावरं जास्त डोसने मरत होती, त्यामुळे हा धोका त्यांच्या नजरेतून सुटला. चार वर्षांनी, १९१५ मध्ये लॉरी गेले.

त्यांच्या म्हणण्यातला खरा भाग मात्र आजही टिकून आहे. मेंढी किंवा शेळी ही रवंथ करणारी जनावरं. भूल दिल्यावर त्यांच्या पोटात गॅस साचतो, फुप्फुसांवर दाब येतो आणि पोटातलं पाणी श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. म्हणून मोठ्या ऑपरेशनला श्वासनलिकेत नळी घालतात आणि गरज पडली तर व्हेंटिलेटर लावतात.

आणि शेजारच्या मॉनिटरवर श्वास आणि हृदय, दोन्ही दिसत असतात.