किल्डालचा पंधरा बाइटांचा तक्ता

गोरेगावच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात १९८५च्या सुमारास मी फ्लॉपीचे ड्रायव्हर लिहीत असे. गिऱ्हाइकाची फ्लॉपी एका बनावटीच्या यंत्रावर भरलेली, आणि कचेरीत आलेले नवे यंत्र दुसऱ्याच बनावटीचे! हे काम ज्याच्या पुण्याईवर चालले त्या गॅरी किल्डालचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. बिल गेट्स मात्र शाळकरी पोरांनाही ठाऊक.

किल्डाल १९४२ साली सिएटलला जन्मला. घरची नौकानयन शिकवण्याची शाळा होती. पुढे तो कॅलिफोर्नियात माँटेरे येथे नौदलाच्या संस्थेत शिकवू लागला. जोडीला इंटेलचे सल्ल्याचे काम होते. शुगार्ट कंपनीचा एक फ्लॉपी ड्राइव्ह त्याला मिळाला, पण तो जोडणारा कंट्रोलर काही जमेना. अखेर जॉन टोरोडी या मित्राने तो बनवला आणि १९७४ साली सीपी-एम ही प्रणाली चालू झाली.

१९७६ मध्ये इम्साय कंपनीसाठी तीच प्रणाली बसवायची वेळ आली. यंत्र वेगळे, कंट्रोलर वेगळा. दर वेळी सगळे नव्याने लिहिण्याचा त्याला कंटाळा आला असावा. यंत्रागणिक बदलणारा भाग त्याने बाजूला काढला. तोच बायोस.

तरी फ्लॉपीची मापे प्रणालीत पक्कीच होती : आठ इंची फ्लॉपी, ७७ ट्रॅक, प्रत्येकावर १२८ बाइटांचे २६ सेक्टर. १९७९च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने तीही उचलून तक्त्यात घातली. ट्रॅकवर किती सेक्टर, ब्लॉक केवढा, सूचीत किती नोंदी, सुरुवातीचे किती ट्रॅक सोडायचे, हे सारे अवघ्या १५ बाइटांत. सेक्टरांच्या क्रमाचा तक्ता निराळा. फ्लॉपी जत्रेतल्या पाळण्यासारखी फिरते. एक सेक्टर वाचून होईस्तोवर पुढचा निघून जातो. म्हणून आठ इंचीवर पुढचा मजकूर सहा घरे पलीकडे ठेवत.

या मोकळीकीचा परिणाम असा, की ऑस्बोर्नपासून केप्रोपर्यंत ज्याने त्याने आपला फॉरमॅट काढला. आमचे काम तो अंदाजाने ओळखण्याचे. क्रम चुकला तर फायलींची बरीच नावे धड दिसत, आतला मजकूर मात्र खिचडी! क्रम बदलायचा, पुन्हा वाचून पाहायचे.

१९८०मध्ये आयबीएमशी त्याचा सौदा जमला नाही. टिम पॅटरसनने सीपी-एमच्याच धर्तीवर लिहिलेली प्रणाली मायक्रोसॉफ्टने घेतली. आयबीएमने ती ४० डॉलरला विकली, तर किल्डालची २४०ला. निकाल दुकानातच लागला. १९९१मध्ये त्याची कंपनी नॉव्हेलने घेतली. १९९४च्या जुलैत, डोक्याला झालेल्या दुखापतीनंतर, ५२व्या वर्षी तो गेला.

जुन्या फ्लॉपींतला मजकूर सोडवायला आज सीपीएमटूल्स नावाचे साधन वापरतात. त्यात प्रत्येक बनावटीची एक नोंद असते : सेक्टर, ट्रॅक, ब्लॉक, सूची, क्रम.