तंजावरचे विद्याधन : सरफोजीराजे भोसले

सुवर्णमहोत्सव म्हटला की मागे वळून पाहणे ओघानेच येते. घरापासून दूर राहून पन्नास वर्षे आपण मराठीचा दिवा तेवत ठेवला, याचा आम्हां सर्वांना अभिमान वाटतो, आणि तो वाटणे गैर नाही. पण कावेरीकाठच्या तंजावरकडे दृष्टी वळविली म्हणजे तो अभिमान थोडा नम्र होतो. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तेथे गादी स्थापन केली आणि सुमारे १८० वर्षे तमिळ मुलखाच्या मध्यभागी मराठी राजघराणे नांदले. त्या घराण्यातील सर्वांत विद्याव्यासंगी पुरुष म्हणजे दुसरे सरफोजीराजे. त्यांचे चरित्र आम्हां परमुलखीच्या मराठीजनांना विशेष मननीय वाटते.

सरफोजीराजांचा जन्म १७७७ चा. तुळजाजी महाराजांना पुत्र न उरल्यामुळे त्यांनी १७८७ मध्ये, आपल्या अखेरच्या दिवसांत, भोसले कुळातील या मुलास दत्तक घेतले. महाराजांचे निधन होताच त्यांचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी गादीवर हक्क सांगितला. हे दत्तविधान शास्त्रास धरून नाही, असा पंडितांचा अभिप्राय पुढे आला आणि दहा वर्षांचा मुलगा गादीस मुकला. तुळजाजींनी त्याचा सांभाळ ज्यांच्यावर सोपविला होता, ते जर्मन धर्मोपदेशक श्वार्ट्झ यांनी त्याला जपले. वाड्यात त्याचे हाल होऊ लागले तेव्हा १७९३ मध्ये त्याला मद्रासला हलविण्यात आले. पुढे पंडितांचे मत पुन्हा घेण्यात आले आणि या वेळी निर्णय उलट लागला. १७९८ मध्ये कंपनी सरकारने सरफोजीराजांना गादीवर बसविले.

ज्याच्या नशिबाचा निवाडा दोनदा धर्मशास्त्राच्या अर्थावर झाला, त्याला मूळ ग्रंथ हाताशी असण्याचे मोल कोणी वेगळे सांगावयास हवे काय? त्यांच्या ग्रंथप्रेमाचे एक मूळ येथे असावे, असे आम्हांस वाटते.

गादी मिळाली, पण तिची किंमत मोठी होती. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला, वार्षिक नेमणूक आणि उत्पन्नाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. यात्रेकरूंना अन्न आणि आसरा देणारी छत्रे मात्र त्यांनी आग्रहाने आपल्याकडे राखली. बाविसाव्या वर्षी राज्य हातचे गेलेला राजा ऐषारामात बुडाला असता तर नवल नव्हते. सरफोजीराजांनी आपले सारे कर्तृत्व विद्येकडे वळविले.

नायक राजांच्या काळापासून वाड्यात पोथ्यांचा संग्रह होता आणि मराठी राजांनी त्यात भर घातली होती. तोच आजचा सरस्वती महाल. सरफोजीराजांनी त्याला अपूर्व रूप दिले. १८२० मध्ये ते मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रेस निघाले. इतर यात्रेकरू गंगाजलाच्या कावडी आणीत. राजांनी त्याबरोबर पोथ्याही आणल्या. तेथील संस्कृत पोथ्या विकत घेतल्या आणि काशीच्या घाटांची चित्रे काढविली. वेद, धर्मशास्त्र, पुराणे, ज्योतिष, वैद्यक, संगीत, नाट्य असे आपल्या परंपरेचे बहुतेक प्रत्येक अंग त्या महालात येऊन वसले. ताडपत्रांवरच्या आणि कागदांवरच्या, संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी पोथ्यांशेजारी युरोपातून मागविलेले ग्रंथही कपाटांत लागले; त्यांतील पुष्कळांवर राजांची इंग्रजी सही आहे.

राजांनी विद्या कपाटात कोंडून ठेवली नाही. वाड्यात त्यांनी देवनागरी छापखाना घातला. इसापनीतीच्या गोष्टींचे मराठी पुस्तक 'बालबोधमुक्तावली' तेथे १८०६ मध्ये छापले गेले. पुण्यामुंबईकडे मराठी छपाईने बाळसे धरण्यापूर्वीची ही गोष्ट. त्यांच्या धन्वंतरी महालात देशी आणि पाश्चात्त्य वैद्यकाचा मेळ घालून औषधांचे अनुभव पाहिले जात. नेत्ररोग्यांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह ठेवल्या जात. परीक्षेस उतरलेले उपचार तमिळ पद्यांत गुंफण्यात आले, कारण ज्यांच्या उपयोगी पडावयाचे ती प्रजा तमिळ होती. आपली भाषा जपणे आणि भोवतालच्या भाषेचा मान राखणे यांत त्यांना विरोध दिसला नाही. १८०३ मध्ये त्यांच्या आज्ञेने भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला, तोही चोळांनी बांधलेल्या बृहदीश्वराच्या मंदिरात. आजही तो विस्तीर्ण शिलालेख तेथे उभ्याने वाचता येतो.

१८३२ मध्ये सरफोजीराजे निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये निपुत्रिक वारले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. राजचिन्हे गेली, सैन्य गेले, पोथ्या उरल्या. बर्नेल या इंग्रज पंडिताने तेथील संस्कृत पोथ्यांची वर्गवार सूची १८८० मध्ये प्रसिद्ध केली तेव्हा या ठेव्याची थोरवी जगाला कळली. १९१८ मध्ये सरस्वती महाल सर्वांसाठी खुला झाला. आज तेथे ४०,००० हून अधिक हस्तलिखिते आहेत आणि मराठी दप्तराच्या मोडी कागदांचे रुमालही आहेत.

पंडित महादेवशास्त्री जोशी यांच्या भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड आपल्यापैकी अनेकांच्या घरी असतील. सणाचा विधी किंवा एखाद्या क्षेत्राची कथा मुलांना सांगावयाची असली की आपण ते उघडतो. असे कोश एकाएकी निर्माण होत नाहीत. कोणीतरी आधी पोथ्या मिळवाव्या लागतात, कसरीपासून वाचवाव्या लागतात, त्यांच्या याद्या कराव्या लागतात. सरफोजीराजांनी आपल्या हाताने कोश लिहिला नाही. पण कोशकारांना लागणारे कोठार त्यांनी भरून ठेवले.

त्यांचे राज्य किल्ल्याच्या तटापलीकडे नव्हते. आपल्या मंडळाला तर तटही नाही. एका खोलीतील पुस्तकांचे कपाट, काही जुने अंक, आजीच्या हातची ओव्यांची वही एवढीच आपली दौलत. ती नीट लावून, तिची यादी करून पुढल्या पिढीच्या हाती दिली, तर हा सुवर्णमहोत्सव सार्थकी लागला असे आम्ही समजू.