लहुजी वस्तादांचा शिष्य

ठाणे आणि कल्याण ही खाडीच्या काठी वसलेली दोन जुनी नगरे. कल्याणच्या खाडीत शिवाजी महाराजांनी मराठ्यांच्या आरमाराचा पाया घातला. ठाण्याचा किल्ला मराठ्यांनी १७३७ साली पोर्तुगिजांपासून जिंकून घेतला; पुढे तो इंग्रजांच्या हाती गेला आणि त्यांनी त्याचा तुरुंग केला. या दोन्ही नगरांशी एका थोर देशभक्ताच्या जीवनाचा संबंध आला. कल्याणात त्याचे बालपणीचे शिक्षण झाले आणि ठाण्याच्या तुरुंगातून त्याने मातृभूमीचा कायमचा निरोप घेतला. तो देशभक्त म्हणजे वासुदेव बळवंत फडके.

वासुदेवांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी पनवेलजवळच्या शिरढोण या गावी झाला. त्या वेळी पनवेलचा मुलूख ठाणे जिल्ह्यात मोडत असे. त्यांचे आजोबा अनंतराव हे कर्नाळा किल्ल्याचे किल्लेदार होते. १८१८ साली तो किल्ला इंग्रजांनी घेतला. शिरढोणहून कर्नाळ्याचा उंच सुळका स्पष्ट दिसतो. त्याच्याकडे पाहतच वासुदेव लहानाचा मोठा झाला.

कल्याणचे शिक्षण आटोपल्यावर वासुदेवांनी मुंबईस व पुण्यास काही काळ विद्याभ्यास केला. नंतर त्यांनी रेल्वेत नोकरी धरली आणि पुढे पुण्यास लष्कराच्या हिशेबी खात्यात ते कारकून झाले. दिवसभर कचेरीत बोरू चालवावा आणि सकाळ-संध्याकाळ तालमीत घाम गाळावा, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

ती तालीम गंज पेठेत होती आणि तिचे वस्ताद होते लहुजी राघोजी साळवे. लहुजींचे वडील १८१७ साली खडकीच्या लढाईत इंग्रजांशी लढताना धारातीर्थी पडले होते. तेव्हापासून तरुणांना शस्त्रविद्या शिकविणे हेच लहुजींनी आपले जीवितकार्य मानले. ते मांग समाजात जन्मले होते. त्या काळी उच्चवर्णीय लोक या समाजातील माणसाची सावलीही टाळीत असत. परंतु लहुजींच्या आखाड्यात जातीला थारा नव्हता. जोतीराव फुले यांनीही तेथेच शस्त्राचे धडे घेतले. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या वासुदेवांनी या वृद्ध वस्तादांना गुरू मानले. आखाड्याची माती कपाळाला लावणाऱ्याला तेथे दुसरी ओळख लागत नसे.

त्या काळच्या तालमींत तलवारीचे शिक्षण एकदम तलवारीने होत नसे. प्रथम पवित्रे बसवावयाचे, मग लाठी फिरवावयाची आणि त्यानंतर फरीगदग्याची पाळी येई. गदगा म्हणजे चामड्याने मढविलेली काठी. ती तलवारीच्या जागी असे. फरी म्हणजे डाव्या हातात धरावयाची लहानशी ढाल. दोन गडी समोरासमोर उभे राहत आणि एकमेकांच्या डोक्यावर, खांद्यावर, कमरेवर, पायांवर वार करीत व ते चुकवीत. अंगात चिलखत नाही, तोंडावर जाळी नाही. फक्त लंगोट, फरी आणि स्वतःचे डोळे! ज्याचे लक्ष चळे, त्याच्या अंगावर गदग्याचा वळ उठे. हाच त्या शिक्षणाचा गाभा होता. जाड कवचाआड उभा राहणारा मनुष्य वाराविषयी बेपर्वा होतो. उघड्या अंगाने उभा राहणारा प्रतिस्पर्ध्याच्या खांद्याची हालचाल वाचू लागतो, अंतर राखावयास शिकतो. मार बसला तरी संतापावयाचे नाही, कारण संतापलेल्या गड्याचा पुढचा वार हमखास चुकतो. आपल्या हातून वार जोरात बसू नये म्हणूनही मनगट ताब्यात ठेवावे लागते. अशा रीतीने धैर्य आणि संयम हे दोन्ही गुण एकाच खेळात अंगी बाणतात. त्यानंतरच शिष्याच्या हाती दांडपट्टा व तलवार दिली जात असे.

या शिक्षणाने तयार झालेल्या वासुदेवांच्या मनावर लवकरच मोठा आघात झाला. आई अत्यवस्थ असल्याचे कळताच त्यांनी रजा मागितली. परंतु ती वेळेवर मिळाली नाही. ते तसेच गावी निघाले. पण ते पोचण्यापूर्वीच आईने प्राण सोडला होता. परकीय सत्तेखाली माणसाचे दुःखही दुसऱ्याच्या सहीवाचून हलत नाही, हे त्यांना त्या दिवशी उमगले. पुढे त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पुण्यात एक शिक्षणसंस्था स्थापन केली. तीच पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी या नावाने नावारूपास आली.

१८७६-७७ साली दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. वासुदेवांनी गावोगाव हिंडून लोकांचे हाल पाहिले आणि नोकरीवर पाणी सोडले. प्रथम त्यांनी पुण्यातील सुशिक्षितांना साद घातली. परंतु फारसे कोणी पुढे आले नाही. तेव्हा ते रामोशी, कोळी, भिल्ल, धनगर अशा रानावनातील शूर लोकांकडे वळले. फेब्रुवारी १८७९ मध्ये त्यांनी बंड उभारले. सावकारांकडून पैसा मिळवावा व त्यातून मोठी सेना उभारावी, असा त्यांचा बेत होता. सरकारने त्यांना पकडण्यासाठी इनाम जाहीर केले. मे महिन्यात त्यांचे शूर सहकारी दौलतराव नाईक चकमकीत पडले आणि बंडाचा कणाच मोडला. एका एका वारास तोंड देण्याची विद्या त्यांच्यापाशी होती. परंतु बंदुका आणि तारायंत्र बाळगणाऱ्या साम्राज्याशी झुंजण्यास मूठभर माणसे अपुरी पडली. २० जुलै १८७९ रोजी विजापूरकडील देवर नावडगी येथे, तापाने ग्रासलेले असताना, ते झोपेतच पकडले गेले. तलवार उपसण्याची संधीही त्यांना मिळाली नाही.

पुण्यात त्यांच्यावर खटला चालला. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांनी निर्भयपणे त्यांचे वकीलपत्र घेतले. वासुदेवांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. काही दिवस ठाण्याच्या तुरुंगात ठेवून जानेवारी १८८० मध्ये त्यांची रवानगी समुद्रापार एडनला करण्यात आली.

तेथील रुक्ष वाळवंटात शरीर खंगत चालले, तरी तालमीत कमावलेली जिद्द खंगली नाही. एका रात्री त्यांनी कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून काढले व ते निसटले! परंतु मुलूख परका होता. थोड्याच अंतरावर ते पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, एडनच्या तुरुंगात त्यांची प्राणज्योत मालवली.

वासुदेव बळवंतांचे बंड फसले, हे खरे. परंतु आखाड्यात पडणारा गडी माती झटकून पुन्हा पवित्रा घेतो. वासुदेवांनंतर स्वातंत्र्याच्या आखाड्यात एकामागून एक तरुण उतरत गेले आणि १९४७ साली देश स्वतंत्र झाला. म्हणूनच महाराष्ट्र त्यांना आद्य क्रांतिवीर म्हणून वंदन करतो. आणि त्यांना वंदन करताना गंज पेठेतील त्या वृद्ध वस्तादांचेही स्मरण ठेवणे हे आपले कर्तव्य आहे.