झिजणारा भाग

हा लेख खरं तर गवत कापण्याच्या मशीनची दोरी कशी बदलायची यावर लिहायचा होता. पण लिहायला बसलो आणि तो किर्लोस्करवाडीपर्यंत जाऊन पोचला. त्याला कारण आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, आणि त्यांच्या पायाला पडलेले तीन टाके.

आमचं गाव करकंब, तालुका पंढरपूर. आमच्याकडची बाजार आमटी ज्याने एकदा खाल्ली त्याला आपल्या मेसची आमटी काय वाटत असेल, हे मी इथे लिहीत नाही. असो. घरी डाळिंबाची बाग आहे. पावसाळा लागला की दोन ओळींमध्ये गवत मांडीपर्यंत येतं. खुरपायला बायका मिळत नाहीत, म्हणून वडिलांनी पेट्रोलवर चालणारं, पट्ट्याने खांद्याला अडकवायचं ग्रास कटर घेतलं. त्याच्या टोकाला एक गोल डबी असते आणि डबीतून नायलॉनच्या दोरीची दोन टोकं बाहेर आलेली असतात. बस्, तीच दोरी गवत कापते.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. दोरीने गवत कसं कापणार? मग वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. मिनिटाला ६००० फेरे धरा, आणि दोरीचं टोक मध्यापासून २० सेंटीमीटरवर. टोकाचा वेग येतो सेकंदाला सुमारे १२५ मीटर, म्हणजे ताशी ४५० किलोमीटर! एवढ्या वेगाने फिरताना मऊ दोरीसुद्धा काठीसारखी ताठ होते. ही युक्ती अमेरिकेत ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस नावाच्या माणसाला १९७१ मध्ये सुचली, मोटार धुण्याच्या यंत्रातले फिरणारे ब्रश बघून. त्याने एका पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून त्यात मासे धरायची दोरी अडकवली होती म्हणे.

पण ही दोरी झिजते. दगडाला, बांधाला घासून तुटते. मागच्या सुट्टीत ऐन कामाच्या वेळी ती संपली आणि गावात मिळेना. आता घरात मेकॅनिकलचा तिसऱ्या वर्षाचा इंजिनिअर असताना काम अडायचं कसं? मी जुन्या मोटारसायकलची क्लच वायर शोधली, दोन तुकडे केले आणि डबीत घट्ट बसवले. माझं लॉजिक सोपं होतं. नायलॉन झिजतं, तर न झिजणारं काहीतरी घाला. वीसेक मिनिटं मशीन झकास चाललं. मग वायरचा एक पीळ तुटला आणि बांधावर बसलेल्या आबांच्या पोटरीत घुसला. धोतर लाल झालं. पंढरपूरला दवाखान्यात नेलं, तीन टाके पडले. वीतभर वर मांडीत किंवा डोळ्यात गेला असता तर काय, हा विचार करत मी त्या रात्री जागाच होतो.

आबा रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गोठ्याच्या माळ्यावरून एक गंजलेला लोखंडाचा तुकडा खाली आणायला लावला. तो त्यांच्या जुन्या किर्लोस्कर नांगराचा फाळ होता. नांगर केव्हाच मोडीत गेला, फाळ मात्र राहिला होता. त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि एवढंच विचारलं की, अख्ख्या नांगरात हाच तुकडा बोल्टने वेगळा का बसवला असेल? मला उत्तर आलं नाही. व्हायव्हाला येत नाही तसंच! मग होस्टेलला परत आल्यावर लायब्ररीत बसून तो नांगर बनवणाऱ्या माणसाबद्दल मिळेल ते वाचून काढलं.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. शाळेत मन रमत नव्हतं. चित्रं काढायची आणि यंत्रं खोलून बघायची, एवढाच नाद. घरच्यांच्या मनाविरुद्ध मुंबई गाठली आणि १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातलं. चित्रकार व्हायचं पक्कं होतं. पण पुढे लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. रंगांधळा माणूस चित्रकार कसा होणार? दुसरा कुणी असता तर गाशा गुंडाळून गावी गेला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा धरली. मेकॅनिकल ड्रॉइंग शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, तोच विषय शिकवू लागले. ज्या ईडीने आपल्यापैकी निम्म्यांना केटी दिली, त्या ईडीने या माणसाला उभं केलं!

मुंबईत त्यांनी सायकल पाहिली. तेव्हा ती नवलाईची वस्तू होती. थोरले बंधू रामूअण्णा बेळगावला होते. १८८८ मध्ये दोघांनी मिळून सायकलचं दुकान सुरू केलं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा त्या विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. 'किर्लोस्कर ब्रदर्स' या नावाची सुरुवात इथली. पुढे इन्स्टिट्यूटमध्ये बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून दुसऱ्याला ती जागा मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

बेळगावला सायकल दुरुस्त करता करता त्यांचं लक्ष शेतकऱ्याकडे गेलं. शेतकरी कडबा विळ्याने नाहीतर कुऱ्हाडीने तोडायचा, त्यात बराच वाया जायचा. लक्ष्मणरावांनी कडबा कापायचं यंत्र बनवलं. त्यानंतर लोखंडी नांगर. १९०३ च्या सुमाराची ही गोष्ट. आपल्या काळ्या रानात हरळी आणि कुंदा किती खोल जातात हे सोलापूरकडच्या मुलांना सांगायला नको. लाकडी नांगर माती उकरतो, पण उलटी करत नाही. लोखंडी नांगराचा वाकडा पत्रा माती पलटी करून मुळं उन्हात पाडतो. म्हणजे माझं ग्रास कटर तण वरून कापतं, आणि हा नांगर तेच काम बुडापासून करत होता.

पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विष चढतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं माल पडून असताना कारखाना चालू ठेवणं म्हणजे काय, याची कल्पना करून बघा. आपला प्रोजेक्ट एका रिव्ह्यूमध्ये रिजेक्ट झाला तरी आपण चार दिवस जेवत नाही.

आता आबांच्या प्रश्नाकडे येतो. नांगराचा सगळा मार फाळाच्या टोकावर बसतो. माती, खडे, दगड, सगळं तिथेच घासतं. लाकडी नांगराचा फाळ बोथट झाला की लोहाराकडे नेऊन शेवटून आणायचा. ओतीव लोखंडाचं तसं नाही. ते ऐरणीवर ठोकलं तर तुटतं. मग दोन गोष्टी कराव्या लागतात. एक, फाळ होईल तितका कठीण करायचा. मटेरियल सायन्समध्ये आपण शिकतो तेच: साच्यात धातूचा तुकडा ठेवला की त्याला लागून असलेलं ओतीव लोखंड झटकन थंड होतं, पांढरं आणि कडक बनतं. पण कडक तितकंच ठिसूळ. म्हणून दुसरी गोष्ट, तो फाळ उरलेल्या नांगरापासून वेगळा ठेवायचा आणि बोल्टने बसवायचा. झिजला की दोन नट काढा, नवा बसवा. नांगर तोच. ज्याच्या घरी पाना आहे त्याला कारागिराची गरज नाही. कुठला भाग झिजणार हे बनवणाऱ्याने आधीच ठरवलं आहे, आणि तो स्वस्त आणि बदलायला सोपा ठेवला आहे.

धंदा जमतोय असं वाटत असतानाच बेळगावच्या नगरपालिकेला गावाच्या वाढीसाठी जागा हवी झाली आणि कारखाना हलवायची वेळ आली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ आणि बिनव्याजी १० हजार रुपये दिले. माळ म्हणजे कसला? निवडुंग आणि साप. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. आज ती सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे आणि स्टेशनलाही तेच नाव आहे.

होस्टेलवाल्यांसाठी खास सांगायची गोष्ट म्हणजे त्या माळावर लक्ष्मणरावांबरोबर गेलेली माणसं. इंजिनाचे जाणकार शंभोराव जांभेकर, हिशेब सांभाळणारे मंगेशराव रेगे. के. के. कुलकर्णी परीक्षेत नापास झालेले, ते गावोगाव फिरून अडचणी सोडवू लागले. अनंतराव फळणीकर शाळा सोडलेले, ते कल्पक इंजिनिअर ठरले. ज्यांच्यावर दरोड्याचा शिक्का होता त्यांना लक्ष्मणरावांनी राखणदार नेमलं, आणि ती राखण त्यांनी चोख केली. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही हा नियम होता. माणसावर एकदा बसलेला शिक्का ते कायमचा धरत नव्हते. आपल्याकडे मात्र मार्कशीटवरचा लाल आकडा पोरगा आयुष्यभर वागवतो.

१९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि बाहेरून येणारं लोखंड, कोळसा, रंग, सगळ्याची टंचाई झाली. दगडी कोळसा नाही तर लाकडी कोळशावर भट्टी चालवली. रंग घरीच तयार केले. लोखंडासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या. तोफा वितळवून नांगर! इतिहासाच्या पुस्तकात हे का नाही, असं मला वाटलं.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली, त्याच वर्षी 'किर्लोस्कर खबर' मासिक निघालं. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून आले. पुढे पंप आले, इंजिनं आली, हरिहर, बंगळूर, पुण्याला कारखाने झाले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने तिकीट काढलं.

हे सगळं वाचून झाल्यावर मला वाटलं की या माणसाने स्वतःचं आयुष्यही त्या नांगरासारखंच चालवलं. रंग गेले, ड्रॉइंग बसवलं. नोकरी गेली, कारखाना बसवला. बेळगाव गेलं, माळ बसवला. दर वेळी गेलेला भाग बाजूला ठेवला, मुख्य सांगाडा मोडू दिला नाही.

आणि मग माझी चूक कळली. नायलॉनची दोरी झिजते हा मशीनचा दोष नाहीच. ती झिजावी म्हणूनच नायलॉनची आहे. दगडावर आपटली की ती तुटते, म्हणून गिअर वाचतो आणि समोरच्या माणसाचा पाय वाचतो. मी ज्याला कमजोरी समजलो आणि वायर घातली, तीच त्या मशीनची सुरक्षितता होती.

म्हणून आता मूळ विषय. घरी असं मशीन असेल तर हे लक्षात ठेवा. इंजिन बंद करा आणि स्पार्क प्लगची टोपी काढा, मगच डबीला हात लावा. बाजूच्या दोन खिट्या दाबल्या की डबी उघडते. आतली स्प्रिंग उडून गवतात जाते, तिच्यावर लक्ष ठेवा. रिळावरचे जुने तुकडे काढून रीळ पुसून घ्या. मशीनच्या पुस्तकात दिली असेल त्याच जाडीची आणि लांबीची दोरी घ्या. जास्त भरली तर अडकते. दोरी मधोमध दुमडून रिळाच्या खाचेत अडकवा आणि बाणाच्या दिशेने घट्ट गुंडाळा. एका वेढ्यावर दुसरा आडवा येऊ देऊ नका, नाहीतर घर्षणाने तापून वेढे एकमेकांना चिकटतात. दोन्ही टोकं वीतभर मोकळी सोडा, बाजूच्या खाचांत धरा, डबीच्या भोकांतून बाहेर काढा आणि झाकण बसवा. दोरी जुनी, सुकलेली असेल तर आदल्या रात्री पाण्यात भिजत घाला. नायलॉन थोडं पाणी शोषतं आणि लवचीक होतं. बुंध्यापासून आणि ठिबकच्या नळीपासून हात राखून चालवा, कोवळ्या झाडाची साल दोरीनेही निघते. बघणाऱ्यांना लांब बसवा, आजोबांना तर नक्कीच. आणि वायर, साखळी, खिळा, काहीही घालू नका.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा दोरीचं नवं बंडल सोबत होतं. रात्री बादलीत भिजत घातलं, सकाळी आबांसमोर बसून रीळ भरलं. त्यांच्या प्रश्नाचं उत्तरही दिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तो फाळ परत माळ्यावर ठेवायला सांगितला. मी विचारलं, आता हा कशाला ठेवायचा? तर ते हसले आणि पोटरी खाजवत बांधाकडे निघाले. या वेळी मात्र जरा लांबच्या बांधाकडे.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी